किरकोळ खात्यातील त्रिशतक

बँकेत रुजू झालो त्या पहिल्या महिन्यात माझ्या शाखाधिकाऱ्यांनी मला एक गोष्ट बजावून सांगितली होती. ज्या नोंदीचे खाते सापडत नाही ती संध्याकाळी ‘किरकोळ’ खात्यात टाकली की दिवसाचा ताळा जुळतो आणि माणसे वेळेवर घरी जातात. मात्र हे खाते जसजसे फुगत जाईल तसतशी शाखेची प्रकृती बिघडत चालली आहे असे समजावे. कारण त्या खात्यात पडलेली रक्कम कधीच किरकोळ नसते. ती कोणाची तरी असते. तिचा धनी शोधण्याचे कष्ट आपण घेतलेले नसतात, इतकेच.

पेढीवर बसणाऱ्या वाचकांना हे नव्याने सांगायला नको. पण या महिन्यात मला त्या शिकवणुकीची आठवण बँकेमुळे झाली नाही, क्रिकेटमुळे झाली.

दिवाळीनंतर आमच्या अकोल्यातील समाजाच्या तरुण मंडळींनी क्रिकेटचे सामने भरविले. आठ संघ, तीन रात्री, प्रकाशझोत, चषक, शेवटी सहकुटुंब भोजन. हिशेबासाठी निवृत्त माणूस हवा म्हणून मला बोलावले. नियमावलीचे पहिलेच कलम असे की, खेळाडू समाजाचाच असावा. मी मान डोलावली. हेतू चांगला होता. शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला गेलेली मुले सुटीत परततात, पण एकमेकांना ओळखत नाहीत; ती एकत्र यावीत, चार घरांचा परिचय वाढावा, एवढीच अपेक्षा.

सरावाला एक मुलगा रोज येत असे. एका अडत दुकानातील मुनीमजींचा तो मुलगा. महिनाभर त्याने आमच्या फलंदाजांना चेंडू टाकले, आणि खरे सांगायचे तर त्याचा चेंडू फार थोड्यांना कळला. सामने सुरू झाले तेव्हा पहिल्या कलमामुळे त्याला संघात जागा नव्हती. मुलांनाही वाईट वाटले असावे. त्यांनी त्याला गुणलेखक केले. तीन रात्री तो टेबलाशी बसून धावा मांडत राहिला. सामने संपल्यावर मी जमाखर्च पक्का करावयास बसलो आणि माझ्याच अक्षरातील एका ओळीवर थबकलो : ‘किरकोळ – गुणलेखकाचे मानधन व चहा-नाश्ता, रुपये ६००.’

त्या रात्री मला मुंबईची एक बंद पडलेली स्पर्धा आठवली. आज साठी-सत्तरी ओलांडलेल्यांनी तिच्याविषयी वडिलांच्या तोंडून ऐकले असेल. नव्या पिढीला तिचे नावही ठाऊक नसते. एके काळी हिंदुस्थानातील क्रिकेटचा सर्वांत मोठा उत्सव म्हणजे मुंबईची पंचरंगी स्पर्धा. ती सुमारे अर्धशतक चालली आणि १९४६ नंतर कायमची मिटली. तिचा इतिहास समाजाच्या नावाने काही भरवू पाहणाऱ्या प्रत्येकाने एकदा वाचावा असा आहे.

प्रारंभ पारशी तरुणांनी केला. १८४८ मध्ये त्यांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब स्थापन केला. पुढे हिंदूंचे क्लब निघाले, तेही बहुधा जातीचे वा भाषेचे : कोणी सारस्वतांचा, कोणी गुजरात्यांचा, कोणी तेलुगूंचा. खेळायला जागा एकच, फोर्टाबाहेरचे विस्तीर्ण मैदान. आणि तेथेच युरोपियन मंडळी घोड्यावरून पोलो खेळत. टापांनी उखडलेल्या जमिनीवर चेंडू नीट टप्पा घेईना. १८८० च्या दशकात पारशी खेळाडूंनी सरकारदरबारी अर्जांमागून अर्ज केले. अखेर समुद्राकाठी भर घालून काढलेल्या जागेवर, आजच्या मरीन लाइन्सच्या बाजूला, पारशी, मुसलमान आणि हिंदू अशा तीन जिमखान्यांना शेजारी शेजारी भूखंड मिळाले. हिंदूंचा जिमखाना १८९४ चा. त्याला परमानंददास जीवनदास यांचे नाव आहे.

येथे व्यापारी वाचकांनी क्षणभर थांबावे. जागा समाजाच्या नावे मिळाली, म्हणून सभासद समाजाचे झाले. सभासद समाजाचे, म्हणून संघही समाजाचाच झाला. कोणी वैर मनात धरून ही भिंत बांधली नव्हती. भूखंडाचा उतारा जसा निघाला तशी खेळाची वाटणी झाली. कागदावर एकदा रकाने आखले की माणसे आपोआप त्यांत उभी राहू लागतात, हे मी नोकरीत पुष्कळदा पाहिले आहे.

पारशी आणि युरोपियन यांचा पहिला सामना १८७७ चा. १८९२ पासून तो नियमाने होऊ लागला. १९०७ मध्ये हिंदू आले आणि सामने तिरंगी झाले. १९१२ मध्ये मुसलमान आले आणि चौरंगी झाले. १९३७ मध्ये पाचवा संघ आला. त्यात भारतीय ख्रिस्ती, ज्यू, बौद्ध अशा, पहिल्या चार रकान्यांत न बसणाऱ्यांना घेतले जाई. त्या संघाला नाव काय द्यावे? ‘दि रेस्ट’. म्हणजे उरलेले. म्हणजे आमच्या भाषेत, किरकोळ खाते. जैन असा रकाना त्या पाचांत नव्हता, हेही जाता जाता नोंदवून ठेवतो.

या स्पर्धेने काहीच चांगले केले नाही असे म्हटले तर तो अन्याय होईल. जमेच्या बाजूला मोठ्या रकमा आहेत. पहिली रक्कम पळवणकर बाळू यांची. चांभार समाजात जन्मलेला हा तरुण पुण्याच्या युरोपियन जिमखान्यात मैदान झाडण्याचे, जाळी लावण्याचे काम करी आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकी. त्याची डावखुरी फिरकी पाहून पुण्याच्या हिंदू क्लबाने, साहेबांना हरवायचे म्हणून, त्याला संघात घेतले. मैदानात त्याने टाकलेला चेंडू सर्वांना चाले; चहाच्या वेळी मात्र त्याला बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली जो संघ इंग्लंडला गेला त्यात बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. १९२० मध्ये याच प्रश्नावर त्यांचे धाकटे बंधू शिवराम आणि विठ्ठल यांनी निषेध म्हणून संघातून माघार घेतली. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी स्पर्धा जिंकली. त्यानंतर चारच वर्षांनी, १९२७ मध्ये, आमच्या अमरावतीत अंबादेवी मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह करावा लागला हे ध्यानात घेतले म्हणजे मुंबईच्या मैदानावर केवढी गोष्ट घडली होती याचा अंदाज येतो.

दुसरी रक्कम आपल्या विदर्भाच्या नावे जमा आहे. नागपूरचे कोट्टारी कनकय्या नायडू १९१६ मध्ये हिंदूंकडून या स्पर्धेत प्रथम उतरले. १९२६ च्या डिसेंबरात इंग्लंडहून आलेल्या एम.सी.सी. संघाविरुद्ध मुंबई जिमखान्यावर हिंदूंकडूनच खेळताना त्यांनी ११ षटकारांसह १५३ धावा काढल्या. दोन तासही लागले नाहीत. या देशाचा संघ कसोटी खेळण्याच्या योग्यतेचा आहे ही गोष्ट त्या खेळीने साहेबांच्या मनावर ठसविली असे म्हणतात. १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला तेव्हा नायडूच कर्णधार होते.

मग खर्चाची बाजू कोणती? ती हळूहळू चढत गेली. कायदेभंगाच्या चळवळीमुळे १९३० ते १९३३ स्पर्धा झालीच नाही. १९३४ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्याच हंगामात रणजी करंडकाचाही आरंभ झाला. त्यात संघ धर्माचे नव्हते, प्रांतांचे होते; आपला ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ हा संघही त्यात होता. परंतु लोक पंचरंगीला लोटत आणि रणजीची मैदाने ओस पडत. १९३७ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियम झाले. पंचरंगीला ते भरून जाई. आयोजकांना उत्पन्न होते, जिमखान्यांना उत्पन्न होते. ज्या खात्यात नफा दिसतो ते खाते बंद करण्याचा ठराव कोणतीही संचालक सभा सहजासहजी करीत नाही. दरम्यान देशातील हवा बदलत होती. सामन्यात जय झाला की तो संघाचा न राहता धर्माचा होऊ लागला. ‘बॉम्बे क्रॉनिकल’सारख्या वृत्तपत्राने सातत्याने लिहिले की, ही वाटणी थांबवा.

यातील एक प्रसंग आपल्या वऱ्हाडाच्या अगदी शेजारचा आहे. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे पदाधिकारी गांधीजींचा सल्ला घेण्यासाठी वर्ध्याला आले. नेते तुरुंगात, जगात महायुद्ध पेटलेले. अशा वेळी खेळावे की नाही? गांधीजींनी सामने बंद व्हावेत असे वाटणाऱ्यांशी आपली सहानुभूती असल्याचे सांगितले. आणि विचारले होते त्याहून अधिक सांगितले. महाविद्यालयांचे किंवा संस्थांचे संघ एकमेकांशी खेळले तर ते आपल्याला समजू शकते. हिंदू, पारशी, मुसलमान असे संघ कशासाठी हे मात्र आपल्याला कधीच उमगले नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मंडळी मुंबईला परतली, जिमखान्याची सभा झाली, मतदान झाले. आणि थोड्याशा फरकाने कौल लागला तो न खेळण्याच्या बाजूने! सल्ला मागायचा आणि मग मतदान घ्यायचे, ही पद्धत आपल्या सर्वच मंडळांत किती जुनी आहे, हे वाचून मला हसू आले. पुढे ‘चले जाव’च्या वर्षी, १९४२ मध्ये, स्पर्धा झाली नाही, १९४३ मध्ये पुन्हा झाली.

आणि त्याच १९४३ च्या अंतिम सामन्यात किरकोळ खात्याने सर्व हिशेब उलटा केला.

एका बाजूला हिंदू, दुसऱ्या बाजूला ‘उरलेले’. हिंदूंचे फलंदाज विजय मर्चंट. त्यांच्याविषयी व्यापारी घरांना विशेष आपुलकी वाटेल. घराणे गिरणीमालक ठाकरसींचे; शाळेत बाईंनी नाव आणि वडिलांचा व्यवसाय विचारला आणि उत्तरातील ‘मर्चंट’ हेच आडनाव होऊन बसले अशी कथा सांगतात. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये त्यांची सरासरी ७१ हून अधिक. त्या यादीत त्यांच्या वर ब्रॅडमन. दुसऱ्या बाजूला विजय हजारे, सांगलीच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातील मुलगा. आधीच्या सामन्यात मुसलमानांविरुद्ध हजारे यांनी २४८ धावा काढून विक्रम केला होता. अंतिम सामन्यात मर्चंट यांनी नाबाद २५० करून तो दोन धावांनी मोडला. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला. ‘उरलेले’ १३३ धावांत गारद. त्यांना लगेच पुन्हा फलंदाजी करावी लागली.

आता पुढचा हिशेब शांतपणे वाचावा. दुसऱ्या डावात संघाच्या एकूण धावा ३८७. त्यांतील हजारे यांच्या ३०९. म्हणजे शंभरातील ऐंशी. मधल्या फळीत त्यांचे धाकटे बंधू विवेक त्यांच्या जोडीला आले. दोघांची भागीदारी ३०० धावांची झाली. तीत विवेक यांचा वाटा २१ चा. पण त्या २१ धावांना मी किरकोळ म्हणणार नाही. पलीकडच्या टोकाला कोणी तग धरून उभे राहिले नसते तर त्रिशतक झालेच नसते. भागीदारीच्या धंद्यात भांडवल कमी आणि भरवसा अधिक घालणारा भागीदार काय किमतीचा असतो, हे आपल्या पेढ्यांनी अनुभवलेले आहे. सामना हिंदूंनी एक डाव आणि ६१ धावांनी जिंकला. स्मरणात मात्र राहिला तो हरलेल्या संघाचा डाव. ज्यांना नावसुद्धा नीट दिले नव्हते त्यांच्यातला एक मराठी माणूस स्पर्धेतील सर्वांत मोठी खेळी करून गेला.

पुढच्या हंगामात मुसलमानांनी हिंदूंना अंतिम सामन्यात एका गड्याने हरविले, के. सी. इब्राहिम नाबाद १३७ वर उभे राहिले. मैदानावरील खेळाडूंत कटुता नव्हती असे त्या काळचे अनेक खेळाडू सांगत, आणि ते खोटे मानण्याचे मला कारण दिसत नाही. पण मैदानाबाहेर देशाची वाटणी दारात येऊन उभी होती. १९४५-४६ चा हंगाम शेवटचा ठरला. धर्माच्या नावाने खेळायची ही स्पर्धा बंद झाली, आणि लाखांचे उत्पन्न देणारे खाते बंद झाल्याने क्रिकेटचे दिवाळे निघेल ही भीतीही खोटी ठरली.

रकाने पुसल्यावर काय झाले ते पाहण्यासाठी फार वर्षे थांबावे लागले नाही. नोव्हेंबर १९५१ मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध मर्चंट आपली अखेरची कसोटी खेळले. त्यांनी १५४ केल्या. हजारे १६४ वर नाबाद राहिले. दोघांनी मिळून २११ धावांची भागीदारी केली. आठ वर्षांपूर्वी एकमेकांचे विक्रम मोडणारे हे दोन विजय आता एकाच खात्यात जमा करीत होते. त्यानंतर तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९५२ मध्ये, मद्रासला भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला. कर्णधार होते विजय हजारे.

आपल्याकडेही असा एक धागा आहे. नागपूरचे नायडू पुढे होळकरांच्या आश्रयाने इंदूरला गेले आणि तेथलेच झाले. विदर्भ रणजीत स्वतंत्रपणे उतरला १९५७-५८ मध्ये, आणि पहिले अजिंक्यपद मिळविण्यासाठी त्याला साठ वर्षे वाट पाहावी लागली. १ जानेवारी २०१८ रोजी ते मिळाले तेही इंदूरला, होळकर स्टेडियमवर. त्या संघाचा कर्णधार फैज फजल. अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक रजनीश गुरबानीची. शतक अक्षय वाडकरचे. विजयी फटका मुंबईहून येऊन विदर्भाचा झालेल्या वसीम जाफरचा. ही नावे जुन्या पाच रकान्यांत वाटून पाहावी. एकही संघ पुरा भरत नाही. आणि अमरावतीकरांनी तर हे शिकायला इंदूरला जाण्याचेही कारण नाही. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या आपल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या ऑलिम्पिकच्या वेळी बर्लिनला जाऊन भारतीय खेळ दाखवून आले. आखाड्याची माती अंगाला लागताना आडनाव विचारीत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. समाजाचे सामने भरवूच नयेत असे माझे मत नाही. एका बाजूनेच पाहण्याची सवय आपल्या परंपरेने आपल्याला लावलेली नाही. चार मुले एकत्र येतात, घरे जोडली जातात, हे मोलाचे आहे. आणि आमचे तीन रात्रींचे सामने म्हणजे काही पंचरंगी नव्हे. परंतु महिनाभर ज्याच्या चेंडूवर आपण सराव केला त्याला सामन्याच्या दिवशी टेबलाशी बसवायचे, यात पुण्याच्या त्या मातीच्या भांड्याची थोडी आठवण होते की नाही, हे प्रत्येकाने स्वतःशी ठरवावे. मला ती झाली. आणि दोष देताना पहिले बोट माझ्याकडेच वळते, कारण ती नियमावली माझ्यासमोर संमत झाली होती आणि ‘किरकोळ’ हा शब्द माझ्याच लेखणीतून उतरला होता.

मी दोन गोष्टी केल्या. जमाखर्चातील ती ओळ खोडून ‘गुणलेखन’ असे स्वतंत्र शीर्षक घातले आणि त्याखाली त्या मुलाचे पूर्ण नाव लिहिले. आणि कार्यकारिणीला एक पत्र दिले : पुढील वर्षी संघांना पेठांची नावे द्यावीत, आणि प्रत्येक संघात दोन जागा आपल्या दुकानांत, कारखान्यांत, वर्गांत आपल्याबरोबर असणाऱ्या कोणाही मुलासाठी खुल्या ठेवाव्यात. सभेत दोन तट पडले. एका तरुणाने अगदी आदराने विचारले, ‘‘काका, मग हे समाजाचे सामने कसे राहतील?’’ प्रश्न प्रामाणिक होता. माझ्याजवळ त्याचे पुरते उत्तर नव्हते. मी त्याला हजारे यांच्या ३०९ धावांची गोष्ट सांगितली. निर्णय चातुर्मासानंतरच्या सभेवर ठेवला आहे. तेथेही मतदानच होईल, आणि कौल वर्ध्याहून परतलेल्या मंडळींसारखा थोड्याशा फरकाने लागला तर मी आश्चर्य मानणार नाही. हिशेब मात्र मीच लिहीन. खाते सोडून जाणारा अधिकारी ते सुधारू शकत नाही.

एक सांगायचे राहिले. हिशेब तपासताना मी त्या मुलाची गुणपुस्तिका सवयीने पहिल्या पानापासून ताळा करून पाहिली. सात सामने, चौदा डाव. फलंदाजांच्या धावा, अवांतर धावा, गोलंदाजांच्या नावावरील धावा, सर्वांची बेरीज जुळली. एका धावेचाही फरक निघाला नाही. माझ्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत इतकी स्वच्छ खतावणी मी फार थोड्यांची पाहिली आहे.

पुढील अंकी भेटूच. जय जिनेंद्र.